विश्लेषण : घोट्यापर्यंत केस, रोजचे तीन तास... सम्राज्ञी सिसीच्या केसांचा गुंता का होत नसे?

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ म्हणजेच सिसी. तिच्या मृत्यूला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी तिचे नाव निघाले की आधी आठवतात ते तिचे घोट्यापर्यंत पोहोचणारे केस. १९५५ मधला रोमी श्नायडरचा चित्रपट असो किंवा २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ‘द एम्प्रेस’ ही मालिका, सिसीची गोष्ट तिच्या केसांशिवाय पूर्ण होत नाही. ती केसांना अंडी आणि कोन्याक लावायची, ही माहितीही इंटरनेटवर सहज सापडते. पण इतके लांब केस वर्षानुवर्षे टिकले ते खरेच त्या मिश्रणामुळे का? गुंता होऊ नये म्हणून नेमके काय केले जात होते? आणि त्या केसांची किंमत कोणी मोजली?

सिसी कोण होती?

एलिझाबेथचा जन्म २४ डिसेंबर १८३७ रोजी म्युनिकमध्ये झाला. बव्हेरियाच्या राजघराण्याच्या धाकट्या शाखेतली ही मुलगी. वडील ड्यूक मॅक्सिमिलियन यांना दरबारापेक्षा घोडे आणि झिथर हे तंतुवाद्य अधिक प्रिय. त्यामुळे तिचे बालपण श्टार्नबर्ग तलावाकाठच्या पोसेनहोफेन इथे भावंडांसोबत मोकळ्या हवेत गेले. राजघराण्यात वावरण्याचे काटेकोर शिक्षण तिला फारसे मिळाले नाही.

ऑगस्ट १८५३ मध्ये बाड इश्ल या गावी ऑस्ट्रियाचा तरुण सम्राट फ्रान्झ योझेफ याचे लग्न ठरवायला दोन्ही कुटुंबे जमली. नवरी म्हणून पुढे होती ती सिसीची थोरली बहीण हेलेन. सम्राटाची आई सोफी आणि मुलींची आई लुडोव्हिका या सख्ख्या बहिणी. प्रवासात कपड्यांचे सामान मागे राहिले. घरात दुखवटा असल्याने मायलेकींच्या अंगावर काळे कपडे होते आणि त्याच कपड्यांत त्यांना सम्राटाला भेटावे लागले. हेलेनची केशरचना निगुतीने करण्यात आली, तर पंधरा वर्षांच्या सिसीने साध्या वेण्या घातल्या, असे सांगितले जाते. सम्राटाने पसंत केले ते सिसीला. २४ एप्रिल १८५४ रोजी व्हिएन्नाच्या ऑगस्टिनियन चर्चमध्ये दोघांचे लग्न झाले. सिसी तेव्हा सोळा वर्षांची होती.

केसांकडे तिचे लक्ष केव्हा वळले?

व्हिएन्नाच्या दरबारात कोणी कधी उठायचे, कोणाशी बोलायचे, काय घालायचे याचे नियम ठरलेले होते. सासू सोफीचा शब्द अंतिम. १८५५ मध्ये पहिली मुलगी झाली, तिचे नाव आजीच्या नावावरून सोफी ठेवले गेले. १८५६ मध्ये गिझेला आणि १८५८ मध्ये मुलगा रुडॉल्फ. मुलांचे संगोपन आजीच्या देखरेखीखाली चाले. १८५७ मध्ये हंगेरीच्या दौऱ्यात थोरली सोफी आजारी पडली आणि दोन वर्षांची असताना दगावली. मुलींना सोबत नेण्याचा आग्रह सिसीचा होता. या धक्क्यानंतर मुलांच्या बाबतीत तिचा शब्द आणखी कमी झाला.

तिची प्रकृती ढासळत गेली. १८६० च्या अखेरीस ती हवापालटासाठी मदेरा बेटावर गेली, नंतर कॉर्फूला. १८६२ मध्ये व्हिएन्नाला परतली ती बदललेली सिसी होती. राजवाड्यात आपल्या हाती फारसे काही नाही, पण आपले शरीर आणि रूप आपल्या ताब्यात आहे, असे जणू तिने ठरवले होते. तिने देशोदेशीच्या सुंदर स्त्रियांची छायाचित्रे जमवायला सुरुवात केली. रोजचा व्यायाम, मोजके खाणे आणि घोडेस्वारी सुरू झाली. उंची सुमारे १७२ सेंटीमीटर असूनही तिने वजन पन्नास किलोच्या आसपास ठेवले. आणि या सगळ्याच्या केंद्रस्थानी होते केस.

फॅनी कोण होती?

सिसीच्या केसांची गोष्ट फ्रान्झिस्का ऊर्फ फॅनी आंगररशिवाय सांगता येत नाही. फॅनी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटर या नाट्यगृहात नट्यांची केशरचना करायची. तिथल्या एका अभिनेत्रीची केशरचना सिसीच्या नजरेत भरली आणि १८६३ मध्ये विशीतल्या फॅनीला थेट राजवाड्यात नोकरी मिळाली. पगार वर्षाला २,००० गुल्डन, म्हणजे त्या काळच्या विद्यापीठातील प्राध्यापकाच्या तोडीचा. एका केशभूषाकार मुलीला एवढा पगार मिळतो, याची वर्तमानपत्रांतही चर्चा झाली.

पुढे फॅनीचे ह्यूगो फाइफालिकशी लग्न झाले. दरबारातील अशा नोकरीत असलेल्या स्त्रीला लग्नानंतर काम सोडावे लागे. फॅनीच्या बाबतीत हा नियम बाजूला ठेवण्यात आला आणि तिचा नवराही सिसीच्या सेवेत आला. फॅनी आजारी असेल तर सम्राज्ञी समारंभाला जाणे टाळते, हे दरबारात सर्वांना ठाऊक होते. उंची-बांधा मिळताजुळता असल्याने परदेश दौऱ्यात कधी कधी फॅनीच सम्राज्ञी बनून लोकांसमोर जाई आणि सिसी गर्दी चुकवून हवे तिथे फिरून येई.

रोजचे तीन तास कसे जात?

केस विंचरून, वेण्या घालून, त्या डोक्याभोवती बसवायला रोज दोन ते तीन तास लागत. त्यासाठी फॅनीला काही नियम होते. हातात अंगठी घालायची नाही आणि पांढरे हातमोजे वापरायचे. हा राजेशाही नखरा वाटेल, पण अंगठीच्या खाचेत किंवा खड्यात केस अडकतो, ताणला जातो आणि तुटतो. गुळगुळीत कापडाखालून केस सरकत जातो. लांब केस हाताळण्यापूर्वी अंगठ्या-बांगड्या काढून ठेवणे आजही तितकेच उपयोगाचे आहे.

फॅनी सगळे केस एकदम विंचरत नसे. आधी त्यांचे भाग पाडायची, मग एकेक बट वेगळी घेऊन त्यातून कंगवा फिरवायची. त्यानंतर जाड वेण्या घालून त्या मुकुटासारख्या डोक्यावर गुंडाळल्या जात. सिसीची ही केशरचना इतकी प्रसिद्ध झाली की युरोपातल्या बायका तिची नक्कल करू लागल्या. १८६५ मध्ये फ्रान्झ विंटरहाल्टर या चित्रकाराने तिचे जे चित्र काढले, त्यात वेण्यांमध्ये हिऱ्यांच्या चांदण्या खोचलेल्या दिसतात. त्याच चित्रकाराने मोकळ्या केसांतल्या सिसीचीही चित्रे काढली. ती मात्र लोकांसाठी नव्हती. सम्राटाच्या खासगी दालनापुरतीच ती राहिली.

वेणी हे केवळ सजावटीचे काम नव्हते. वेणीत प्रत्येक पेड आपल्या जागी धरलेला असतो. केस एकमेकांवर घासत नाहीत, वाऱ्याने उडत नाहीत, कपड्यात अडकत नाहीत. लांब केस सांभाळणाऱ्या बहुतेक समाजांनी शेवटी वेणी किंवा अंबाडाच का निवडला, याचे उत्तर इथे आहे.

लांब केस जास्त का गुंततात?

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. घोट्यापर्यंतचा केस सुमारे दीडशे सेंटीमीटरचा धरला, तर त्याला तेवढे वाढायला दहा वर्षे लागतात. म्हणजे विंटरहाल्टरच्या १८६५ च्या चित्रात दिसणाऱ्या वेण्यांची टोके साधारण १८५५ च्या सुमारास, सिसीच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात उगवली असणार. मुळाजवळचा केस नवा आणि टोकाचा दहा वर्षे जुना, असे एकाच केसाचे दोन टोकांना दोन स्वभाव असतात.

केसाच्या बाहेरच्या थरावर कौलांसारखे एकावर एक बसवलेले खवले असतात. त्यांची तोंडे टोकाकडे असतात. म्हणून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवले तर केस गुळगुळीत लागतो, उलट फिरवले तर किंचित खरखरीत. नव्या केसावर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. धुणे, विंचरणे, ऊन, घासणे यामुळे हा थर झिजतो, खवले उचकटतात आणि टोकाकडचे केस एकमेकांना पकडू लागतात. तिथेच फाटे फुटतात आणि तिथेच गुंता सुरू होतो.

दुसरे कारण लांबीचे. २००७ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी एक साधा प्रयोग केला. दोरी खोक्यात टाकून खोके फिरवायचे आणि गाठ पडते का पाहायचे. दोरी ४६ सेंटीमीटरपेक्षा आखूड असेल तर गाठ जवळजवळ पडत नव्हती. तिथून दीड मीटरपर्यंत लांबी वाढत गेली तशी गाठीची शक्यता झपाट्याने वाढत गेली. खिशातल्या इअरफोनच्या वायरचे जे होते तेच. हा प्रयोग केसांवर केलेला नव्हता आणि केसाचे एक टोक डोक्याला पक्के असते, हा फरक आहेच. तरीही मोकळी, हलती आणि लांब वस्तू स्वतःहून गुंतते, हे तत्त्व त्यातून कळते. अशा एका नव्हे, लाखभर केसांचा गुंता फॅनीला रोज टाळायचा होता.

चांदीच्या तबकातील केस : चूक कोणाची?

रोजचे विंचरणे संपले की फॅनीला एक परीक्षा द्यावी लागे. गळलेले केस चांदीच्या तबकात घालून सम्राज्ञीला दाखवायचे. केस जास्त दिसले की सिसीची नजर बदले आणि फॅनी अपराध्यासारखी उभी राही. कॉन्स्टंटिन क्रिस्तोमानोस या तिच्या ग्रीक शिक्षकाने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. यावर फॅनीने एक उपाय शोधल्याचे सांगतात. एप्रनच्या आत चिकट पट्टी लावायची आणि कंगव्यात आलेले केस हळूच तिथे चिकटवून टाकायचे. तबकात मग मोजकेच केस दिसायचे.

आजचे त्वचारोगशास्त्र इथे फॅनीच्या बाजूने उभे राहील. निरोगी माणसाचे दिवसाला ५० ते १०० केस गळतात. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग थांबतो, गळतो आणि त्या जागी नवा उगवतो. यात विंचरणाऱ्याचा दोष नसतो. लांब केसांच्या बाबतीत फसवणूक आणखी होते. चार इंची शंभर केस चिमटीत मावतात; दीड मीटरचे शंभर केस एकत्र केले तर बऱ्यापैकी मोठी गुंडी होते. दोन्हीकडे गळती सारखीच, पण दुसरी पाहून पोटात गोळा येतो.

उलट, ही गुंतवळ काढणे हेच गुंता टाळण्याचे मोठे काम आहे. गळलेला केस लांब असेल तर जमिनीवर पडत नाही. बाकीच्या केसांत अडकून राहतो, त्यांच्याभोवती फिरतो आणि गाठीचे केंद्र बनतो. दोन-तीन दिवस केस विंचरले नाहीत की कंगव्यात एकदम ढीगभर केस येतात, ते यामुळेच. ती त्या एका दिवसाची गळती नसते. सिसीला जे अपयशाचे माप वाटत होते, ते प्रत्यक्षात फॅनीचे काम चोख झाल्याची खूण होती.

अर्थात सगळीच केसगळती दुर्लक्ष करण्यासारखी नसते. टाळूवर चकत्या पडणे, भांग रुंदावत जाणे किंवा अचानक मूठभर केस जाऊ लागणे, असे दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे योग्य.

अंडी आणि कोन्याकने खरेच काय होत असे?

दर दोन-तीन आठवड्यांनी केस धुण्याचा दिवस असे. त्या दिवशी सम्राज्ञीची सर्व कामे आणि भेटीगाठी रद्द होत. अंड्याचा बलक आणि कोन्याक यांचे मिश्रण केसांना लावले जाई. एवढे केस धुणे आणि वाळवणे यात सगळा दिवस जाई.

त्या काळात आजच्यासारखा शाम्पू नव्हता. बर्लिनच्या हान्स श्वार्त्सकोफ यांची शाम्पूची पावडर आली ती १९०३ मध्ये, सिसीच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. हाताशी होता तो साबण आणि त्याने केस राठ होत. अंड्याच्या बलकात लेसिथिन असते. ते तेल आणि पाणी यांना एकत्र आणते, त्यामुळे टाळूवरचा तेलकटपणा सुटून येतो आणि केसावर थोडा मऊ थर राहतो. कोन्याकमधील अल्कोहोल तेल विरघळवते. थोडक्यात, हे मिश्रण म्हणजे त्या काळातला सौम्य शाम्पू. त्याने केस लांब होत होते, याला आधार नाही. केसाची वाढ टाळूच्या आतल्या मुळाशी ठरते. केस किती वर्षे वाढत राहील हे बहुतांशी आनुवंशिक असते आणि त्या बाबतीत सिसी नशीबवान होती.

आज हा प्रयोग करण्याची गरज नाही. गरम पाणी लागले तर अंडे केसातच शिजते आणि काढता काढता केस तुटतात. अल्कोहोलने कोरडे केस आणखी कोरडे होतात. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांना त्रास होतो तो वेगळाच. गुंता कमी करण्याचे काम आजचे कंडिशनर अधिक चांगले करते. झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, तर कंडिशनरमधील घटकांवर धन भार. त्यामुळे हे घटक नेमके झिजलेल्या जागी जाऊन चिकटतात आणि घर्षण कमी करतात. म्हणून ते टाळूला नव्हे, केसांच्या मधल्या भागापासून टोकापर्यंत लावायचे असते.

विंचरण्याच्या तासांनी इतिहास कसा बदलला?

रोज तीन तास खुर्चीत बसून करायचे काय? सिसीने हे तास अभ्यासासाठी वापरले. १८६३ च्या सुमारास तिने हंगेरियन भाषा शिकायला घेतली. १८६४ मध्ये इडा फेरेन्त्सी ही हंगेरियन तरुणी तिच्या सेवेत आली आणि पुढे तिची जिवाभावाची मैत्रीण झाली. एकीकडे फॅनीचा कंगवा चाले, दुसरीकडे हंगेरियन वाचन आणि संभाषण. व्हिएन्नाच्या दरबारात हंगेरीबद्दल आकस होता. १८४८-४९ चा उठाव चिरडल्याच्या जखमा ताज्या होत्या. अशा वेळी सम्राज्ञीने हंगेरियनमध्ये अस्खलित बोलणे हीच एक राजकीय भूमिका ठरली.

१८६६ मध्ये प्रशियाकडून ऑस्ट्रियाचा पराभव झाला आणि हंगेरीशी समझोता करण्यावाचून पर्याय उरला नाही. हंगेरियन नेते ग्युला आंद्राशी यांची बाजू सिसीने सम्राटापुढे आग्रहाने मांडली. १८६७ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरी हे दुहेरी राज्य अस्तित्वात आले आणि ८ जून १८६७ रोजी बुडा येथे फ्रान्झ योझेफ आणि सिसी यांना हंगेरीचे राजा-राणी म्हणून राज्याभिषेक झाला. समझोत्यामागे युद्धातला पराभव आणि मुत्सद्द्यांच्या वाटाघाटी होत्या, हे खरेच. पण सिसीचा त्यातला वाटा हंगेरीने विसरला नाही. गोडोलो येथील राजवाडा तिला आणि सम्राटाला भेट मिळाला. १८६८ मध्ये जन्मलेली धाकटी मुलगी मारी व्हॅलेरी हिला सिसीने आपल्याजवळ, आपल्या पद्धतीने वाढवले. त्या घरात हंगेरियन भाषा सर्रास बोलली जाई.

केसांचे ओझे म्हणजे काय?

ज्या केसांनी तिला ओळख दिली, त्यांनीच तिला बांधूनही ठेवले. डोक्यावर गुंडाळलेल्या वेण्या आणि आकड्यांच्या भाराने सिसीला डोकेदुखीचा त्रास होई. असह्य झाले की ती केस फितींनी वर टांगून बसून राही, म्हणजे मानेवरचा भार उतरे, असेही सांगितले जाते.

घट्ट वेणी किंवा उंच पोनीटेल घातल्यावर डोके दुखणे हा अनेकींचा रोजचा अनुभव आहे. केस स्वतः दुखत नाही, पण त्याच्या मुळाशी मज्जातंतू असतात आणि सततची ओढ त्यांना जाणवते. ही ओढ वर्षानुवर्षे राहिली तर कपाळाच्या आणि कानांच्या कडेचे केस विरळ होतात. सुरुवातीला लक्ष दिले तर ते परत येतात. मुळे कायमची दुखावली तर येत नाहीत. त्यामुळे गुंता टाळण्यासाठी वेणी हवी, पण ती सैल हवी.

तिशी ओलांडल्यावर सिसीने छायाचित्र काढून घेणे थांबवले. बाहेर पडताना चेहऱ्यासमोर पंखा किंवा छत्री असे. लोकांच्या मनात १८६५ ची सिसी तशीच राहावी, वय वाढलेली कोणाला दिसू नये, असा तिचा प्रयत्न होता. पांढरा केस दिसला की तो उपटून टाकायचे कामही फॅनीकडेच होते. १८७० च्या दशकात इंग्लंड आणि आयर्लंडमध्ये शिकारीच्या मोहिमांत ती युरोपातल्या उत्तम घोडेस्वारांत गणली जाई. पण मुक्कामाला कुठेही गेली तरी विंचरण्याचे तास चुकत नसत.

मायरलिंगनंतर काय बदलले?

३० जानेवारी १८८९ रोजी युवराज रुडॉल्फ आणि मारी व्हेत्सेरा ही तरुणी मायरलिंग येथील शिकारघरात मृतावस्थेत सापडले. एकुलता एक मुलगा गेल्यानंतर सिसीने काळे कपडे घातले ते कायमचे. पांढरे केस लपवण्याचा खटाटोपही तिने सोडून दिला. दाट केसांत रुपेरी बटा दिसू लागल्या.

व्हिएन्नात तिचे मन रमेना. जहाजाने, रेल्वेने ती सतत फिरत राहिली. कॉर्फू बेटावर तिने अकिलिऑन हा राजवाडा बांधला. होमरच्या ओढीने ती ग्रीक शिकली आणि तेही पुन्हा केस विंचरतानाच. १८९१ मध्ये क्रिस्तोमानोस हा तरुण विद्यार्थी शिक्षक म्हणून आला. सम्राज्ञी खुर्चीत, मागे फॅनी, समोर पुस्तक घेतलेला तो, हे दृश्य त्याच्यामुळेच आपल्यापर्यंत पोहोचले.

जिनिव्हात काय घडले?

१० सप्टेंबर १८९८. साठ वर्षांची सिसी जिनिव्हात खोट्या नावाने उतरली होती. दुपारी सहचरी इर्मा स्तारायसोबत ती बोट पकडायला तलावाकाठाने निघाली. सोबत पहारा नव्हता. लुइजी लुकेनी हा इटालियन अराजकवादी अंगावर धावून आला आणि त्याने धार लावलेली कानस तिच्या छातीत खुपसली. त्याला राजघराण्यातले कोणीतरी मारायचे होते. सिसीशी त्याचे वैयक्तिक वैर नव्हते.

ती मागे कोसळली. दाट केसांमुळे डोक्याला मार लागला नाही, असे सांगितले जाते. कोणीतरी धक्का दिला इतकेच तिला वाटले. उठून ती चालत बोटीवर गेली. अंगातल्या घट्ट कॉर्सेटमुळे रक्तस्राव मंद राहिला आणि जखम लगेच कोणाच्या लक्षात आली नाही. बोट सुटल्यावर ती पुन्हा कोसळली, तेव्हा कपडे सैल केल्यावर छातीवरची बारीक खूण दिसली. बोट मागे फिरवली, तिला बो-रिव्हाज हॉटेलात आणले. पण काही वेळातच तिचा मृत्यू झाला. व्हिएन्नाच्या कापुझिनर तळघरात तिचे दफन झाले. तिथेच पुढे १९१६ मध्ये फ्रान्झ योझेफचेही दफन झाले.

आज लांब केस सांभाळणाऱ्यांसाठी यात काय आहे?

सिसीच्या केसांमागे बाटलीतले गुपित नव्हते. आनुवंशिक देणगी होती, भरपूर वेळ होता आणि फॅनीचे तीस वर्षांहून अधिक काळ राबणारे कुशल हात होते. सकाळी लोकल गाठणाऱ्या किंवा मुलांचा डबा भरणाऱ्या बाईकडे तीन तास नसतात, पगारी केशभूषाकारही नसते. म्हणून तिच्या केसांशी आपल्या केसांची तुलना करणे मुळातच चुकीचे. पण फॅनीच्या पद्धतीतले आणि आजच्या शास्त्रातले काही धडे दहा मिनिटांतही जमण्यासारखे आहेत.

- विंचरायला टोकापासून सुरुवात करा. शेवटची चार बोटे मोकळी झाली की थोडे वर या. मुळापासून कंगवा ओढला तर वाटेतल्या सगळ्या लहान गाठी खाली ढकलल्या जाऊन एकच मोठी, घट्ट गाठ होते.
- केसांचे दोन-चार भाग करा. ज्या बटेवर काम चालू आहे ती गाठीच्या वर मुठीत धरा, म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही.
- दात विरळ असलेला कंगवा आधी, बारीक फणी नंतर. गाठ दिसली तर बोटांनी सोडवा.
- ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. सरळ केस थोडे वाळू द्या, मग विंचरा. दाट कुरळे केस मात्र ओलसर असताना, कंडिशनर लावून विरळ कंगव्याने सोडवणे सोपे जाते.
- न्हाण्यापूर्वी केस विंचरून घ्या. धुताना ते डोक्यावर गोळा करून चोळू नका. टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी दाबून पाणी टिपा.
- रात्री सैल वेणी घालून झोपा. उशीचा अभ्रा गुळगुळीत कापडाचा असेल तर घर्षण आणखी कमी होते.
- फाटे फुटलेली टोके वेळोवेळी कापा. तुटलेले टोक कोणत्याही तेलाने किंवा क्रीमने पुन्हा जुळत नाही.

आणि कंगव्यात आलेली गुंतवळ पाहून रोज धसका घेऊ नका. दिवसाला ५० ते १०० केस जाणारच आहेत, सम्राज्ञीचेही जात होते. ते लपवण्यासाठी फॅनीला एप्रनला चिकट पट्टी लावावी लागली, एवढाच फरक.